आल्बर्ट ससून यांना राजकारणी म्हणावे का? व्याख्यानासाठी मदत हवी

तलावपाळी:

नमस्कार मंडळी,

ठाण्यात आमचे एक लहानसे वाचक मंडळ आहे. एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्यातल्या एकेका व्यक्तीवर आम्ही आळीपाळीने बोलतो, आणि पुढच्या बैठकीत आल्बर्ट ससून यांच्यावर बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ससून म्हटले की आपल्याकडे पुण्याचे रुग्णालय, काळ्या घोड्याजवळचे वाचनालय आणि कुलाब्याची मासळीची गोदी एवढेच डोळ्यांसमोर येते. माणूस मात्र त्या इमारतींच्या मागे राहतो.

त्यांचे मूळ नाव अब्दुल्ला आणि जन्म १८१८ चा, बगदादचा. आजोबा तेथील पाशांचे, म्हणजे तुर्की सुभेदारांचे, खजिनदार होते, परंतु दाऊद पाशाच्या अमदानीत ज्यू कुटुंबांवर जुलूम सुरू झाला तेव्हा वडील डेव्हिड ससून यांनी बगदाद सोडले, इराणी आखातावरील बुशहर येथे काही काळ काढला आणि १८३२ च्या सुमारास मुंबईत येऊन पेढी घातली. १८६४ मध्ये डेव्हिड पुण्यात वारले आणि पेढीची सूत्रे थोरल्या मुलाकडे, म्हणजे आल्बर्ट यांच्याकडे आली. १८७२ मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली, १८७३ मध्ये लंडन शहराचे सन्माननीय नागरिकत्व मिळाले, १८७५ मध्ये ससून गोदी सुरू झाली आणि त्याच सुमारास त्यांनी मुक्काम इंग्लंडला हलवला. १८९० मध्ये ते बॅरोनेट झाले (ही वंशपरंपरागत इंग्रजी पदवी) आणि १८९६ मध्ये ब्रायटन येथे वारले.

अडचण अशी की बहुतेक परिचयांत त्यांना ‘व्यापारी आणि राजकारणी’ म्हटलेले असते, कारण १८६० च्या दशकाच्या अखेरीस ते मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद होते. त्या सभासदत्वाबद्दल मात्र एका वाक्यापलीकडे कोणीच लिहीत नाही. बगदादहून आलेल्या, घरात अरबी बोलणाऱ्या कुटुंबातील माणसाला सरकारने तेथे का बसवले, आणि तेथे बसून त्याला नेमके काय करता येत होते? अफूचा विषय व्याख्यानात टाळावा असे आमच्यातील एका ज्येष्ठ सभासदांचे मत आहे. मला ते पटत नाही, पण तो विषय राजकारणाशी जोडायचा कसा हेही उमगत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

दप्तरखाना:

आपला प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे. आधी ते कायदेमंडळ काय होते हे पाहावे लागेल, कारण आज ‘आमदार’ म्हटल्यावर जे चित्र उभे राहते त्याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारला एक गोष्ट कळून चुकली होती, ती म्हणजे आपण करतो त्या कायद्यांविषयी येथील प्रतिष्ठित लोकांचे मत काय आहे हे कानावर येण्याची काहीच सोय नाही. १८६१ च्या कायद्याने मुंबई आणि मद्रास इलाख्यांच्या गव्हर्नरांना कायदे करण्याचा अधिकार परत मिळाला, आणि त्यासाठी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात किमान ४ आणि जास्तीत जास्त ८ जादा सभासद घेण्याची तरतूद झाली. त्यांतील निम्मे तरी बिनसरकारी असावेत असा नियम होता. नेमणूक गव्हर्नर करी आणि मुदत दोन वर्षांची असे. मतदार नव्हते, मतदारसंघ नव्हता, निवडणुकीचा तर प्रश्नच नव्हता.

अधिकारांचे म्हणाल तर सभासदाला सरकारला प्रश्न विचारता येत नव्हता आणि अंदाजपत्रकावर बोलता येत नव्हते. ती मुभा, तीही तुटपुंजी, १८९२ च्या कायद्याने मिळाली. समोर आलेल्या विधेयकापुरतेच बोलायचे. जकात, चलन, टपाल, सैन्य असे विषय गव्हर्नर जनरलच्या पूर्वपरवानगीशिवाय हाती घेता येत नसत, आणि येथे मंजूर झालेल्या कायद्यालाही पुन्हा त्याचीच संमती लागे.

आपल्या ज्येष्ठ सभासदांना टाळावासा वाटणारा विषय नेमका येथेच आत येतो. ससून पेढीचा पाया अफूवर होता. बंगालची अफू ही सरकारची मक्तेदारी होती, परंतु माळव्याची अफू संस्थानांच्या मुलखात पिकत असे आणि मुंबई बंदरातून चीनला जाण्यासाठी ती इंग्रजी हद्दीतून न्यावी लागे. तेथे सरकार पेटीमागे परवान्याची फी घेई. सुरुवातीला पुष्कळसा माल ही फी चुकवून सिंधमार्गे कराचीला आणि तेथून दमणला जाई. १८४३ मध्ये सिंध खालसा झाल्यावर ती वाट बंद पडली आणि सरकारने फी चढवत नेली. चीनशी व्यापाराची ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी १८३३ च्या सनदेने संपवली होती, तेव्हा डेव्हिड ससून नुकतेच मुंबईत आले होते. त्यांना आठ मुलगे. एकेका मुलाला कँटन, शांघाय, हाँगकाँग अशा ठिकाणी बसवून त्यांनी दोन्ही टोके घरातच ठेवली. दुसरा मुलगा इलियास १८४४ मध्येच चीनला गेला होता. माळव्यातील व्यापाऱ्यांना मालावर आगाऊ रकमा देऊन पीक बाजारात येण्याआधीच बांधून घ्यायचे, ही या घराण्याची रीत होती. तिच्यापुढे जार्डिन मॅथिसनसारखी बलाढ्य इंग्रज पेढीसुद्धा टिकली नाही आणि १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती या व्यापारातून बाजूला झाली.

आता हे दोन धागे एकत्र ठेवून पाहा. आल्बर्ट ज्या मंडळात बसत होते त्या मंडळाला अफूला हात लावण्याचा अधिकारच नव्हता. तो कलकत्त्याचा आणि लंडनचा विषय होता. म्हणजे अफूच्या व्यापाऱ्याने कायदेमंडळात बसून आपला धंदा राखला, असे सरळ समीकरण मांडता येणार नाही. उलट पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होते. हिंदुस्थान सरकारच्या उत्पन्नाच्या मोठ्या बाबींमध्ये जमीनमहसुलाच्या पाठोपाठ अफूचे नाव घेतले जाई. जो व्यापारी त्या उत्पन्नाचा इतका मोठा वाहक होता, त्याला गव्हर्नरच्या टेबलाशी खुर्ची मिळणे हे सरकार आणि पेढी यांच्या आधीपासूनच्या व्यवहाराचे दृश्य रूप होते. खुर्चीमुळे वजन आले नाही, वजनामुळे खुर्ची आली. माझ्या मते त्यांचे राजकारण शोधायचे असेल तर कायदेमंडळाच्या कामकाजात फार वेळ घालवू नये. ते पेढीच्या वह्यांत, देणग्यांत आणि पुढे लंडनच्या दिवाणखान्यांत सापडेल.

‘बगदादहून आलेला माणूस’ हा मुद्दाही थोडा तपासून घ्यावा. डेव्हिड ससून यांनी १८५३ मध्ये इंग्रजी प्रजाजनत्व घेतले. ते अखेरपर्यंत बगदादी पोशाखात वावरले, इंग्रजीत त्यांना कधी गती आली नाही आणि सही ते हिब्रू अक्षरांत करीत. तरीही १८५७ मध्ये ज्यूंची एक तुकडी उभी करून देण्याची तयारी त्यांनी सरकारला कळवली होती. बाप झब्बा आणि पागोट्यात, मुलगा इंग्रजी कोटात, आणि दोघांची निष्ठा एकाच ठिकाणी. सरकारच्या दृष्टीने असा माणूस फार सोयीचा होता. तो येथील प्रतिष्ठितांत मोडत होता, पण येथल्या कोणत्याही मोठ्या समाजाच्या वतीने तो मागणी घेऊन उभा राहणार नव्हता.

मुरबाडकर:

दप्तरखाना यांचे विवेचन उत्तम आहे, परंतु ‘ते कायदेमंडळ म्हणजे नुसती शोभा’ असा अर्थ वाचकांनी काढू नये म्हणून थोडी भर घालतो. ती घालताना आमच्या तालुक्याचा अभिमानही थोडा डोकावेल, त्याबद्दल क्षमस्व.

१८६१ च्या कायद्याखाली मुंबईत जे पहिले सभासद नेमले गेले त्यांत जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे आपले नाना, होते. घराणे मूळचे मुरबाडचे, आजच्या ठाणे जिल्ह्यातले. तेही व्यापारी, तेही दाते, तेही गव्हर्नरच्या मर्जीतले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली आगगाडी आली तिच्यामागच्या खटपटीत त्यांचा वाटा होता, हे ठाणेकरांना सांगायला नको. म्हणजे खुर्ची तीच, अधिकार तेवढेच तुटपुंजे. तरीसुद्धा नानांना आपण निःसंकोचपणे सार्वजनिक पुढारी म्हणतो. का?

कारण नाना खुर्चीवर बसण्याच्या आधी दहा वर्षे, म्हणजे १८५२ मध्ये, बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली होती आणि नाना तिचे अध्यक्ष होते. त्या संस्थेने राज्यकारभाराबद्दलच्या तक्रारींचा अर्ज थेट पार्लमेंटकडे धाडला होता. शिक्षणाच्या प्रश्नावर नाना सरकारी मंडळात इंग्रज अधिकाऱ्यांशी वाद घालत आणि मराठी शाळांची बाजू लढवत. कायदेमंडळात ते बोलत तेव्हा त्यांच्यामागे कोणीतरी उभे आहे हे सरकारला ठाऊक असे. १८६५ मध्ये ते गेले, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच आल्बर्ट यांची नेमणूक झाली.

तेव्हा माझे म्हणणे असे की दोष केवळ मंडळाच्या रचनेत शोधू नये. तीच खुर्ची एकाने गाऱ्हाणे मांडण्यासाठी वापरली आणि दुसऱ्याला ती मानाची जागा म्हणून पुरली. व्याख्यानात या दोघांना शेजारी ठेवले तर ठाण्याच्या श्रोत्यांना विषय लगेच आपला वाटेल.

दप्तरखाना:

मुरबाडकर, तुलना मान्य आहे, फक्त तिला एक पुरवणी जोडतो. नानांच्या मागे समाज होता तसा आल्बर्ट यांच्या मागे असणे शक्य नव्हते. मुंबईतील बगदादी ज्यूंची वस्ती मूठभर, आणि तिच्यातील पुष्कळजण ससूनांच्याच पेढीवर किंवा गिरणीत कामाला. मालकाने आपल्या नोकरांच्या वतीने सरकारकडे कोणते गाऱ्हाणे न्यायचे?

आणखी एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. मुंबईत खऱ्या अर्थाने मते मागण्याचे राजकारण १८७२ च्या म्युनिसिपल कायद्याने सुरू झाले. ६४ सभासदांची महापालिका झाली आणि त्यांतील निम्मे सभासद करदात्यांनी निवडायचे ठरले. फिरोजशहा मेहता आणि त्यांचे सहकारी जे राजकारण शिकले ते या आखाड्यात. आल्बर्ट यांचे कायदेमंडळातील दिवस याच सुमारास संपले, आणि नव्या आखाड्यात न उतरता ते लंडनची वाट धरून निघाले.

तलावपाळी:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. नाना शंकरशेट यांच्याशी तुलना मी नक्की घेतो. गोदीबद्दलही कोणी सांगू शकेल का? सरकारने बांधायची गोष्ट एका खासगी व्यापाऱ्याने का बांधली, आणि ती पुढे त्याच्याकडे का राहिली नाही, हे मला कोठेच नीट मांडलेले मिळाले नाही.

शेवा बंदर:

मी नवी मुंबईत राहतो आणि न्हावा शेवा येथे मालाच्या आयात-निर्यातीच्या कामात माझी सगळी नोकरी झाली, म्हणून हा भाग माझ्या आवडीचा आहे.

गोदी होण्यापूर्वी मुंबईत मोठी जहाजे बंदरात खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत. कापसाच्या गासड्या धक्क्यावरून पडावांत, म्हणजे मालवाहू होड्यांत, भरायच्या, पडाव जहाजापर्यंत वल्हवत न्यायचे आणि तेथे पुन्हा वर चढवायच्या. भरती-ओहोटीचा फरक मोठा, पावसाळ्यात दर्या खवळलेला, त्यामुळे एकेका जहाजाला माल घेण्यासाठी खूप दिवस ताटकळावे लागे आणि तेवढे दिवस त्याचे भाडे चढत राही. भिजलेल्या गासडीचे नुकसान कोणी सोसायचे यावरून भांडणे होत ती वेगळीच. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर आगबोटींची ये-जा वाढली आणि हा खोळंबा कोणालाच परवडेना.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, मुंबईत कापसाचा पैसा धो धो आला होता आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे पेव फुटले होते. १८६५ च्या मध्याला युद्ध संपून भाव कोसळले तेव्हा त्या कंपन्या, बँका आणि प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे दिग्गज एका फटक्यात आडवे झाले. ससून पेढी मात्र त्यातून बऱ्यापैकी शाबूत बाहेर पडली. तेव्हा १८७० च्या सुमारास कुलाब्याला भर घालून गोदी बांधण्याइतके रोकड भांडवल आणि धीर असलेली जी थोडी घराणी शहरात उरली होती, त्यांत हे होते.

१८७५ मध्ये सुरू झालेली ससून गोदी ही पश्चिम हिंदुस्थानातील पहिली बंद गोदी. भरतीच्या वेळी जहाज आत घ्यायचे, दरवाजे लावायचे, की बाहेर ओहोटी लागली तरी आतले पाणी कायम राहते आणि जहाज धक्क्याला लागलेल्या अवस्थेत माल चढवता-उतरवता येतो. पडावांचा सगळा द्राविडी प्राणायाम टळला.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. १८७३ मध्ये कायद्याने पोर्ट ट्रस्ट, म्हणजे बंदराचा कारभार पाहणारे मंडळ, स्थापन झाला होता. बंदराचे धक्के निरनिराळ्या खासगी मालकांच्या हाती राहिले तर तेच दर ठरवतील आणि सगळ्या व्यापाराची नाडी त्यांच्या हाती जाईल, ही सरकारची धास्ती होती, आणि ट्रस्ट स्थापन करण्यामागे तीच होती. ट्रस्टने स्वतःची प्रिन्सेस गोदी बांधायला घेतली आणि १८८० मध्ये ती खुली झाली. त्याआधीच, १८७९ मध्ये, ससून गोदी सरकारने विकत घेतली होती. म्हणजे खासगी गोदी जेमतेम चार वर्षे चालली. याला कोणी आल्बर्ट यांचा पराभव म्हणेल. मला तसे वाटत नाही. बंदराला बंद गोदी लागते हे त्यांनी स्वतःच्या पैशाने सिद्ध करून दाखवले, सरकारला जाग आणली आणि योग्य वेळी मालमत्ता सरकारच्या गळ्यात घालून मोकळे झाले. कायदेमंडळात दहा भाषणे करून जे साधले नसते ते एका बांधकामाने साधले. याला राजकारण म्हणायचे नसेल तर निदान धोरण तरी म्हणावे.

मोठ्या जहाजांना पुढे ही गोदी अपुरी पडली आणि मासळीच्या व्यवसायाकडे गेली. आज पहाटे तेथे गेलात तर कोळणी, बर्फाची पाटी, सोलायच्या कोळंबीचे ढीग आणि लिलावाचा गलका एवढेच दिसेल. मासळीवाल्यांपैकी कोणालाही ‘ससून म्हणजे कोण’ असे विचारून पाहा. ‘गोदी’ हेच उत्तर मिळेल.

टेंभीनाका:

व्याख्यान ठाण्यात आहे म्हणून एक सूचना. श्रोत्यांपैकी कोणीतरी हमखास विचारेल की ठाण्याचे सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) ससूनांनीच बांधले ना? त्याचे उत्तर तयार ठेवा. ठाण्याचे ‘शआर हशामाईम’ १८७९ चे असून ते बेने इस्रायल समाजाचे आहे. हा समाज कोकणचा, मराठी बोलणारा. अलिबाग-पेणकडच्या गावांत त्यांचे तेलाचे घाणे असत आणि शनिवारी ते घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावे गावावरून, पेणकर, दिवेकर अशी. ससूनांच्या देणगीतून झालेली सिनेगॉग म्हणजे भायखळ्याचे ‘मागेन डेव्हिड’ आणि पुण्याचे ‘लाल देऊळ’. पुण्याच्या त्या आवारातच डेव्हिड यांची समाधी आहे.

धर्म एक असला तरी बगदादी मंडळी बेने इस्रायलांपासून बरेच अंतर राखून असत, ही कटू गोष्टही सांगायला हवी. दप्तरखाना यांनी वर म्हटले की आल्बर्ट यांच्या मागे समाज नव्हता. मी म्हणेन की पिढ्यान् पिढ्या येथे रुजलेला, इथल्याच भाषेत व्यवहार करणारा एक ज्यू समाज ठाण्यापासून अलिबागपर्यंत पसरलेला होता. त्याच्याशी नाते जोडावे असे त्या वर्तुळाला फारसे वाटले नाही.

दप्तरखाना:

टेंभीनाका यांनी चांगला मुद्दा काढला. तो मी माझ्या विवेचनात धरला नव्हता, आणि त्याने माझे म्हणणे अधिकच बळकट होते. ज्या दिशेला नाते जोडायचे ती दिशा या घराण्याने फार आधी ठरवली होती. इंग्लंडचे युवराज १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले, त्याची आठवण म्हणून आल्बर्ट यांनी त्यांचा अश्वारूढ पुतळा मुंबईला भेट दिला. १८७९ मध्ये तो बसवला गेला आणि त्यावरूनच त्या भागाला काळा घोडा हे नाव पडले. १९६५ मध्ये पुतळा तेथून हलवला. तो आता राणीच्या बागेत आहे आणि मुलांना घेऊन गेलात तर सहज पाहता येतो. हा युवराज म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, आणि लंडनला गेल्यावर ससून बंधू त्याच्या निकटच्या वर्तुळात होते. १८८९ मध्ये इराणचा शहा नासिरुद्दीन लंडनला आला तेव्हा त्याच्या स्वागताचा एक मोठा समारंभ आल्बर्ट यांनी स्वखर्चाने केला, आणि पुढच्याच वर्षी ते बॅरोनेट झाले. बुशहरला आश्रय शोधणाऱ्या घरातील मुलाने इराणच्या बादशहाचे यजमानपद भूषवावे, हा प्रसंग व्याख्यानात अवश्य घ्या.

आणि ‘राजकारणी’ हे विशेषण त्या घराण्यातील कोणाला बिनतक्रार लावायचे असेल तर ते मुलाला लावावे. एडवर्ड ससून १८९९ मध्ये इंग्लंडमधील हाइथ मतदारसंघातून पार्लमेंटच्या कॉमन्स सभेवर निवडून गेले आणि १९१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथे राहिले. त्यांच्यानंतर त्यांचा मुलगा फिलिप त्याच जागेवरून निवडून आला. एडवर्ड यांचा सभागृहातील जिव्हाळ्याचा विषय होता तारयंत्र. हिंदुस्थानशी होणाऱ्या तारांचे दर उतरावेत आणि जहाजांवर बिनतारी यंत्रे सक्तीची व्हावीत यासाठी ते वर्षानुवर्षे सरकारच्या मागे लागले होते. शांघाय आणि मुंबईचे भाव लंडनला वेळेत कळण्यावर ज्या पेढीचे सगळे काही अवलंबून होते, तिच्या वारसाने हाच विषय धरावा हे स्वाभाविक होते. फरक इतकाच की वडिलांना कायदेमंडळात जे विचारण्याचा हक्कच नव्हता, ते मुलगा मंत्र्याला उभे करून विचारू शकत होता.